आग विझवणाऱ्या पेशींबद्दलही लिहा की

मा. संपादक, स. न. वि. वि.

तुमची आरोग्य पुरवणी मी दर आठवड्याला वाचते, आणि इम्युनिटी वाढवा, इम्युनिटी वाढवा हे इतक्यांदा वाचलंय की आता लिहिल्याशिवाय राहवेना. इम्युनिटीला जसा जोर लागतो तसा ब्रेकही लागतो, आणि हार्टच्या बाबतीत तर हा ब्रेकच फार महत्त्वाचा आहे, त्याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही.

आमच्या भाऊजींना गेल्या वर्षी ॲटॅक आला. घरात सगळे म्हणत होते की गोळी चालू आहे, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग झालं कसं? मी जुनी फाइल काढली. ॲटॅकच्या सहा महिने आधीच्या रिपोर्टवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६८, आणि खाली एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, ४.२, पुढे जाड अक्षरात एच, म्हणजे हाय. त्या ओळीबद्दल आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. आता साध्या सर्दीनेही हा आकडा वर जातो हे खरं, पण निदान परत टेस्ट तरी करायला हवी होती ना.

होतं असं की कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते खाऊन फुगतात, त्यांची तिथे गाठ बनते, सूज धुमसत राहते आणि गाठीवरचं कवच पातळ होतं, ते फुटलं की गुठळी आणि ॲटॅक. याच्या उलट काम करणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी असतात, त्या आयएल-१०, टीजीएफ-बीटा असे सिग्नल सोडतात, म्हणजे बाकीच्या पेशींना "आता बास, शांत व्हा" असं सांगतात, आणि टीजीएफ-बीटामुळे कवच जाड व्हायला मदत होते. १९९९ मध्येच उंदरांवर दिसलं होतं की आयएल-१० नसेल तर गाठी मोठ्या होतात. याच पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं, तेव्हा तुम्ही बातमी छापली होती पण हार्टशी संबंध कुठे जोडलाच नाही.

माणसांवरचा मोठा पुरावा २०१७ चा, कॅन्टॉस ट्रायल. ॲटॅक येऊन गेलेले १० हजारांवर पेशंट, सूज वाढवणारा आयएल-१ बीटा अडवणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, एलडीएल कमी झालं नाही तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला ॲटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणी इन्फेक्शन्स थोडी वाढली, हेही छापा. गाउट नावाच्या सांधेदुखीवरच्या स्वस्त कोल्चिसिन या औषधाने २०१९ मध्ये ॲटॅक येऊन गेलेल्या पेशंटमध्ये फायदा दाखवला आणि २०२४ च्या ७ हजारांवर पेशंटच्या ट्रायलमध्ये तो दिसला नाही, म्हणून कृपा करून कुणी मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका, किडनीचा त्रास असेल किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर ते विषासारखं चढतं.

व्यायाम करताना स्नायूंमधून जे सिग्नल निघतात त्यातून आयएल-१० वाढतं, हे भाऊजींना सांगितल्यापासून ते रोज सकाळी झपझप चालायला जातात. चाळीस वर्षांची मशेरी मात्र अजून सुटत नाहीये, आणि तंबाखूने तर ही सूज वाढतेच.

एखाद्या हार्टच्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्या. भाऊजींची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत, त्याआधी लेख आला तर फार उपयोग होईल.

आपली एक वाचक,
मिरज