बाय, आधी कॉक बंद कर

बाय,

रात्री फोनवर नीट बोलता आलं नाही, सिस्टर समोर उभी होती आणि तू आधीच चिडलेली, म्हणून आता पडल्या पडल्या टाईप करतोय. मामी म्हणते आराम करा. कसला आराम, तिकडे पोफळी पाण्यावाचून उभ्या आणि तू पंपाच्या इंजिनाची दोरी ओढून ओढून हाताला फोड आणलेस.

कार्बोरेटरखालून पेट्रोल ठिबकतंय आणि इंजिन पकडत नाही म्हणजे ते ओव्हरफ्लो होतंय. आधी टाकीचा कॉक बंद. कॉक चालू ठेवून दोरी ओढायची नाही. आपली पंपाची खोप वहाळाच्या कडेला, खोलात, वारा तिथे फिरत नाही आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, जमिनीलगतच पसरून राहते. दार सताड उघड, सांडलेलं पुसून घे, ते फडकं बाहेर लांब टाक, मग थोडा वेळ जाऊ दे. आणि संध्याकाळी एकटीने खाली उतरू नको. पोफळी एक दिवस थांबतील.

मग प्लग काढ, ओला असणार, पुसून उन्हात ठेव. स्विच ऑफ, चोक उघडा, ॲक्सिलेटर पूर्ण, आणि प्लगशिवाय थोडा वेळ दोरी ओढ. आत साचलेलं पेट्रोल भोकातून उडेल तेव्हा तोंड बाजूला ठेव. करंट येतो का बघायला प्लग इंजिनला टेकवून ठिणगी बघायची सवय सगळ्यांना असते, पण पेट्रोल सांडलेलं असताना नाही म्हणजे नाही. काकाच्या हाताकडे बघ एकदा. जाऊ दे, पुन्हा तेच बोलतोय.

एवढ्याने चालू होईल, पण परत गळेल. खरं दुखणं कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसा वाटीत फ्लोट, पेट्रोल भरलं की तो उचलला जातो आणि वरची सुई भोकात बसते, सप्लाय बंद. सुई बसली नाही की पेट्रोल येतच राहतं. इंजिन पावसाळाभर उभं होतं, हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढतं, जुन्या रबरालाही मानवत नाही, तळाला गाळ धरतो. बऱ्याचदा नुसता कचरा असतो. पाना लावायच्या आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच ठोकून बघ, तेवढ्यानेही सुटतो कधी कधी.

नाही सुटला तर कार्बोरेटर काढून घरी आण, खळ्यात उजेडाला बसून परातीत खोल. वाटीला 10 चा पाना. फ्लोटची पिन टाचणीएवढी असते, खाली चिऱ्यांच्या फटीत गेली की गेलीच. सुईचं टोक नखाने फिरवून बघ, गोल खाच लागली तर सुई बदलायची, घासत बसायचं नाही. फ्लोट कानाशी हलव, आत खळखळलं तर तो फुटलाय. सगळं पुसून परत बसवलंस की वाटी न लावता कार्बोरेटर उलटा धर आणि पेट्रोलच्या नळीतून फुंक. हवा जाता कामा नये. फ्लोट बोटाने उचललास की जायला हवी. तोंडाला पेट्रोलची चव येते, थुंकून टाक. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, तार घालू नको, भोक मोठं झालं की इंजिन उगाच पेट्रोल पितं.

आजोबांचं रॉकेलवरचं इंजिन खोललं की तू केळीचं पान घेऊन यायचीस आणि काढलेला एकेक स्क्रू त्यावर ओळीने मांडायचीस, मधला एक कोणी हलवला की रडून गोंधळ, आणि ते इंजिन दोघांनी बांबूला बांधून वहाळावर न्यायचं तर पाना धरून पुढे तू. दाजी म्हणायचे पोरीला कसले हे धंदे शिकवतोस. आता परवा त्यांचाच फोन, त्यांचं ग्रासकटर बंद पडलंय, तुला पाठवू का विचारत होते. मी म्हटलं तिलाच विचारा. (जाशील तर लक्षात ठेव, त्याला वाटी नसते, आत पातळ पडदा असतो, ते वेगळंच प्रकरण.) मामीला ही दाजींची गोष्ट दोनदा सांगून झाली.

पुण्याची नोकरी सोडलीस त्यावर बोलायचं नाही असं ठरवलंय. पण तिथे निदान खोपीत पेट्रोल गळत नव्हतं. बरं बाई, राहिलं. लेक्चर झालं, माहिती आहे.

एक राहिलंच, सगळ्यात महत्त्वाचं. चालू करायच्या आधी ऑईलची काडी काढून वास घे. इतकं पेट्रोल गळलंय तर थोडं पिस्टनवरून खाली ऑईलमध्ये उतरलेलं असू शकतं. पातळी वर आलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर ते ऑईल काढून नवीन भर, पातळ ऑईलवर चालवलंस तर इंजिन जाम होईल. अर्ध्या लिटरहून जरा जास्त लागतं, डबा माळ्यावर आहे. सुई आणायला चिपळूणला गेलीस तर जुनी सोबत ने, दुकानदार हीच लागते म्हणून भलतीच गळ्यात मारतात, तिथेच शेजारी ठेवून लांबी बघ. गॅस्केटही घे.

डॉक्टर शुक्रवारी सोडतो म्हणालेत, आईला अजून नक्की सांगू नको. आणि कॉक बंद केलास का ते आत्ता कळव, सकाळी नको.

बाबा