युद्धात गोठ्यातलं दावं कोण सोडणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा आमच्या येळ्ळूर भागात ज्याच्या त्याच्या स्टेटसला मिसाईलचे व्हिडिओ होते, आणि का नसावेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, इथल्या किती घरातली पोरं फौजेत आहेत, अभिमान मलाही आहे. पण त्याच दिवसांत जम्मू-काश्मीरच्या सीमेवरच्या पूंछमध्ये पलीकडून, पाकिस्तानातून, तोफांचा मारा झाला, साधी माणसं गेली, शाळकरी पोरं गेली, ते कुणाच्या स्टेटसला दिसलं नाही. लोक हातात सापडेल ते घेऊन रातोरात गाव सोडून निघाले आणि कितीतरी गुरं मागं राहिली.

आमच्या घरी म्हशी आहेत म्हणून मला हे जास्त टोचतं. दुभत्या म्हशीची धार वेळेवर निघाली नाही की कास टणक होते, हात लावू देत नाही, हंबरत राहते, पुढं दगडी (कास सुजण्याचा आजार) झाली की सडातून दुधाच्या गाठी नि रक्त येतं. म्हणजे गोळा न लागताही ते जनावर दाव्याला बांधलेल्या जागी हाल होऊन मरणार, आणि हे कुठल्या आकड्यात येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा सगळ्याच फुगल्या तेव्हा आपल्या जिल्ह्यात गुरं सोडून बोटीत बसायला माणसं तयार नव्हती. पण पाणी निदान चढताना दिसतं हो, दावं कापून टाकता येतं, तोफेचा गोळा काय सांगून येतो? आणि युद्धात पूर सुद्धा येतो. ६ जून २०२३ ला युक्रेनमध्ये काखोव्का धरण फुटलं, गावंच्या गावं पाण्यात, आणि तिथल्या एका छोट्या प्राणीसंग्रहालयातले जवळपास ३०० प्राणी बुडाले, वाचली ती फक्त पोहणारी बदकं नि हंस. माकडांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

लांबचं कशाला, डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर पंजाब-राजस्थानच्या सीमेवर शेतातच सुरुंग पेरले होते. युद्ध झालंच नाही, तरी शेतकऱ्यांचे पाय गेले, चरायला गेलेली गुरं गेली.

सीमेवर माणसांसाठी बंकर बांधतात ते चांगलंच आहे, अजून बांधा, पण गुरांसाठी काहीतरी आडोसा आणि मेलेल्या जनावराची भरपाई लगेच मिळाली पाहिजे, कारण त्या घराची चूल त्याच्यावरच असते. आणि साहेब, तुमच्या पेपरात मिसाईलची रेंज किती, किंमत किती हे चौकटीत छापून येतं. एकदा पूंछकडच्या एखाद्या गुज्जर-बकरवाल, म्हणजे तिथल्या गुरं-मेंढ्या पाळणाऱ्या, कुटुंबाला फोन लावून विचारा की त्यांची किती जनावरं राहिली, पैसे मिळाले का, आणि ते पण चौकटीतच छापा.

आपली,
एक वाचक, येळ्ळूर (ता. जि. बेळगाव)