थडग्यांना अ‍ॅसिड लावू नका

संपादक महोदय,

पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांचे थडगे तिथल्याच सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. अशा जुन्या दफनभूमी श्रमदानातून साफ होतात हे चांगलेच; पण अ‍ॅसिड आणि तारेचा ब्रश घरी ठेवून या. संगमरवरावर अ‍ॅसिड पडले की फेस येतो, तो मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. आधी साधे पाणी मुरू द्यावे, शेवाळ बांबूच्या चिपेने काढावे, मग मऊ ब्रश खालून वर फिरवावा. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात जिरतात. पापुद्रे सुटलेल्या दगडाला मात्र हातच लावू नये.

सिमेंटने सांधे बुजवणे ही सर्रास होणारी चूक. ओल सांध्यातून निघेना, की ती दगडातून वाट काढते आणि त्याची कड भुगा होते. एक भाग चुना, तीन भाग वाळू पुरे. वर आठवडाभर ओले गोणपाट. फटीतला पिंपळ ओढून उपटू नये, दगडही सोबत येतात.

अक्षरे लागत नसतील तर खडू न घासता आरशाने बाजूने ऊन पाडून फोटो घ्यावा. नावे जशी कोरली तशीच, चुकांसकट, रांगेच्या क्रमांकासह वहीत उतरवावीत.

– काही स्वयंसेवक, सातारा जिल्हा