पोटगी हातात पडेपर्यंत पाठपुरावा करणाऱ्या वकीलताईंना

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

तालुका विधी सेवा समितीतर्फे तुम्ही पोटगीची प्रकरणं ज्या चिकाटीनं चालवलीत, त्याबद्दल आम्ही विधी स्वयंसेविका तुमचे जाहीर आभार मानतो.

हुकूम झाला की काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. दोन-चार महिने पैसे येतात, मग बंद होतात. बाई ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत थांबते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे वसुली वॉरंटसाठी (थकलेली पोटगी वसूल करण्याच्या न्यायालयाच्या आदेशासाठी) रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्रत्येक थकलेल्या महिन्याचं वर्ष वेगळं मोजायचं, हे तुम्ही आमच्या डोक्यात पक्कं बसवलंत. महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी असा तुमचा चार रकान्यांचा तक्ता वसुली अर्जाला जोडला की थकबाकीवरचा अर्धा वाद तिथंच मिटतो. पैसे रोख न घेता बँक खात्यातच घ्यायचे, हा तुमचा आग्रहही त्यासाठीच. पासबुकातली नोंद कुणी नाकारू शकत नाही.

वॉरंट ‘इसम मिळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतं, तेव्हा बरेच जण हात टेकतात. तुम्ही नवा पत्ता, कामाचं ठिकाण, मालकाचं नाव शोधायला लावलंत. नवरा जिथं असेल तिथल्या न्यायालयातही हुकूम बजावता येतो. घरगुती हिंसाचार कायद्याखालचं प्रकरण असेल, तर कलम २०(६) नुसार मालकानं पगारातून थेट रक्कम द्यावी, असा आदेश मागता येतो. पगारदार माणसाच्या बाबतीत आमच्या मते यासारखा उपाय नाही. पोटगी न भरल्याबद्दल नवरा तुरुंगात गेल्यानं थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच स्पष्ट केलंय, आणि तुम्ही ते समोरच्या पक्षाला वेळच्या वेळी ऐकवता.

उत्पन्न लपवणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालातलं मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र तुम्ही पहिल्याच तारखांना मागता. अंतरिम, म्हणजे प्रकरण चालू असतानाची पोटगी लवकर मिळाली, की आईला सावकाराचं दार गाठावं लागत नाही. रक्कम लहान असो, ठरल्या तारखेला आली तर आई शाळेची फी, घरभाडं, शिलाई मशीनचा हप्ता यांचा हिशोब आधी बांधू शकते.

महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे अजून कितीतरी घरांत माहीत नाही. १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा हेल्पलाइन क्रमांक आम्ही प्रत्येक अंगणवाडीत लिहून लावतोय. तक्त्याचा कोरा नमुना तेवढा पाठवा, शेजारच्या तालुक्यातल्या स्वयंसेविकांनी मागितलाय.

आपल्या,
विधी स्वयंसेविका