रविवारचे शास्त्रवाचन : लूक १५

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर दांडिया बाजारात, नेहमीच्या घरी, बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, वाचू. थेट ११व्या वचनापासून सुरुवात नको. आधी १ व २ वाचा. कुरकुरणारे परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे शिक्षक) तिथेच भेटतात, दाखला त्यांनाही ऐकवलेला आहे. बहुतेकदा वाचन २४व्या वचनाशी, धाकटा मुलगा परतल्याच्या आनंदावर थांबते आणि थोरला भाऊ बाहेरच राहतो. आपण ३२ पर्यंत जाऊ.

पहिले वाचन एकाच्याच आवाजात, सावकाश. मग दोन मिनिटे शांतता. दुसऱ्यांदा निवेदक, बाप, दोन्ही मुलगे, चाकर असे वाटून. नंतर प्रत्येकाने एवढेच सांगावे: या आठवड्यात घरी मी कोणाच्या जागी होतो? उत्तरावर कृपया सल्ला देऊ नका, त्याने लाजरी माणसे गप्प होतात.

मुलांनी गुजराती बायबल आणले तरी चालेल, वचनांचे क्रमांक तेच आहेत.