शंभरपर्यंत दहा वेळा लिहून काय होते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांच्या घरच्या अभ्यासावर काल आपण अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. वेळापत्रक, भिजवलेले बदाम, शांत कोपरा, सगळे छान. पण ‘दुसरी-तिसरीच्या मुलांकडून रोज १ ते १०० दहा वेळा लिहून घ्या’ हे वाचले आणि राहवले नाही. मूल हे कसे लिहिते ते लेखकाने शेजारी बसून कधी पाहिले आहे का? आधी ०, १, २, ३ असे एकक खालपर्यंत उतरवायचे, मग वर येऊन प्रत्येकाच्या डावीकडे सहा, सहा, सहा ठोकत जायचे. पान भरते, सही मिळते. त्रेसष्ट मात्र त्याने ना वाचलेले असते ना ऐकलेले.

क्रम मोडून सांगा, म्हणजे कळेल. आठ-दहा संख्या पुरेत, पण त्यात ३६ आणि ६३, २५ आणि ५२ अशा जोड्या हव्यात. ‘त्रेसष्ट’ म्हणा आणि पेन्सिलीच्या टोकाकडे बघा. मराठीत तीन आधी ऐकू येतात, साठ मागून. मूल ऐकले तसे लिहिते: ३, त्याच्या उजवीकडे ६. झाले छत्तीस. मग घरोघरी तेच, ‘किती वेळा सांगू तुले, लक्ष कुठं असते?’ अहो, लक्ष होते म्हणूनच ३ आधी लिहिला! काही चलाख मुले ३ च्या डावीकडे जागा सोडतात आणि ६ नंतर भरतात. उत्तर बरोबर, आईबाबा खूश. मोबाइलवर आकडे दाबायची वेळ आली की ही युक्ती गळून पडते.

सेमी-इंग्रजीच्या मुलांचे आणखीच त्रांगडे. शाळेत सिक्स्टी-थ्री, घरी आजीचे त्रेसष्ट. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आले, तेव्हा गणितज्ञ मंगला नारळीकर आणि त्यांच्या पाठ्यपुस्तक समितीची यथेच्छ टिंगल झाली. एकवीस-बावीस कोणी हद्दपार केले नव्हते. शेजारच्या तेलुगू घरात दशक आधीच बोलतात, तिथे कोणी हसत नाही.

घरी करायचे ते एवढेच. जुन्या लग्नपत्रिका कापून १८ पत्ते करा. १० ते ९० चे नऊ पत्ते ८ सेंटिमीटर रुंद, १ ते ९ चे नऊ बरोबर निम्मे, ४ सेंटिमीटर. उंची सगळ्यांची सारखी. ६० वर उजवी कड जुळवून ३ ठेवला की शून्य झाकते आणि ६३ दिसते. ३ उचलला की साठ खाली तसाच. सगळे पत्ते एकाच रुंदीचे कापले तर मूल ६० शेजारी ३ मांडते आणि वहीत ६०३ लिहिते. ही चूकही नेहमीची. त्रेसष्ट ऐकल्यावर आधी मोठा पत्ता उचलायचा, मग छोटा, मगच पेन्सिल. चुकले तर खोडरबर नको. चुकलेल्या आकड्याशेजारी पत्ते मांडा, ते स्वतःच बघेल.

‘एकोण’साठी पत्ते चालत नाहीत, तिथे काड्या हव्यात. एकोणसाठमध्ये ‘साठ’ ऐकून मूल ६९ लिहिते. दहा-दहा काड्यांचे, रबर लावलेले सहा गठ्ठे ठेवा आणि म्हणा, यातली एक काडी मला दे. गठ्ठा सोडावाच लागतो. उरतात पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या. पुढे ५२ वजा २७ करताना दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल उलटे सातातून दोन काढते आणि ३५ लिहून मोकळे होते. तिथेही हाच गठ्ठा सोडायचा असतो. नव्याण्णव मात्र या ‘एकोण’च्या चालीत बसत नाही, ते वेगळे सांगावे लागते.

आता तो शांत कोपरा. लॉनवरचा डीजे रात्री दहानंतर बंद हवा असा नियम आहे. लग्नसराईत नागपुरात तो कुठे पाळला जातो, हे आपल्या वार्ताहराने एकदा फिरून पाहावे. त्याच लॉनच्या पानभर जाहिराती आपण छापता, म्हणून म्हटले.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या आठवड्यात आहे म्हणे. त्यात बदामांऐवजी हे १८ पत्ते कापायच्या रेघांसह छापा. कागद पातळ आहे, पुठ्ठ्यावर आम्ही चिकटवून घेऊ.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नागपूर