आई-बाबा, बीपीसोबत मनाचंही सांगत जा

ती. आई-बाबांना सा. न.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर बाबा अर्ध्या मिनिटात "घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई, तू बीपी किती, शुगर किती, भाजी काय केली एवढं सांगून "तुझं जेवण झालं का" वर येतेस. आकडे मला सगळे पाठ आहेत. पण तुम्हा दोघांना आतून कसं वाटतंय ते कधीच कळत नाही, आणि मला तेच जाणून घ्यायचंय.

आधी आई, तुझं. 2024 च्या ऑगस्टअखेर वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी समा भागात शिरलं, आपल्या खालच्या खोलीत आलं, शेजारच्या सोसायटीत मगर दिसली, त्यानंतर तू पावसाळ्यात रात्रभर जागी असतेस हे मला बाबांकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तू म्हणशील आता वयामुळे झोप कमी झालीय. पण फक्त पाऊस जोरात लागला की दोन-तीनदा उठून गॅलरीतून रस्ता बघायचा, छातीत धडधडायचं, हे वयाचं नाही गं. एवढं पाणी घरात शिरलेलं ज्याने बघितलंय त्याच्या शरीराला तो आवाज आला की परत तेच होणार असं वाटतं, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. यावर भीती मनात दाबून ठेवण्यापेक्षा तयारी करून ठेवली तर जास्त उपयोग होतो. घराची कागदपत्रं, पासबुकं, आधार प्लास्टिकच्या जाड पाकिटात घालून वरच्या कपाटात, एक आठवड्याची औषधं वेगळ्या डब्यात, टॉर्च, चार्ज केलेली पॉवरबँक, आणि वरच्या मजल्यावरच्या बेनशी आत्ताच बोलून ठेव की पाणी वाढलं तर आम्ही तुमच्याकडे येऊ. त्या आनंदाने हो म्हणतील. एकदा हे झालं की रात्री जाग आली तर स्वतःला सांगता येतं, सगळं जागेवर आहे. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे पुराचे व्हिडिओ रात्री बघू नकोस, त्यातले कितीतरी जुने नाहीतर दुसऱ्याच गावाचे असतात. सकाळी एकदा बातम्या, बस.

आणि धडधड सुरू झाली की रामरक्षा म्हण, पण घाईत नाही. हे मी श्रद्धेपुरतं सांगत नाहीये. 2001 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी जपमाळेवर प्रार्थना करणाऱ्यांचा आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला होता, तो मिनिटाला साधारण सहावर येतो असं त्यांना दिसलं. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की हृदयाचे ठोके हळू होतात, शरीरच मग शांत व्हायला लागतं. लहानपणी तिन्हीसांजेला तू आम्हाला बसवून म्हणायला लावायचीस त्या संथ लयीत म्हण.

ती झोपेची गोळी मात्र मेडिकलवाल्याकडून आणून घ्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही. या वयात त्या गोळ्यांनी रात्री उठताना तोल जातो, विसरायला होतं, आणि सवय लागते. आणि रोज घेत असशील तर एकदम बंदही करू नकोस, आधी डॉक्टरांना सांग, ते हळूहळू कमी करतील. त्याऐवजी चार वाजल्यानंतरचा चहा सोड, चहातलं कॅफिन पाच तासांनीसुद्धा जवळपास अर्धं अंगात असतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नकोस.

आता बाबा. तुमचे मित्र गेल्यापासून तुम्ही कमाटीबागेत जाणं बंद केलंत. मला माहितीये की बँडस्टँडपाशी ते बाक तुम्हाला रिकामं बघवत नाही. इतक्या वर्षांची सोबत होती, त्याचं दुःख होणारच, आणि ते लवकर संपवा असं मी अजिबात म्हणत नाही. रडावंसं वाटलं तर रडा, आईसमोर रडा, त्यांच्या घरी जाऊन काकूंशी त्यांच्याबद्दल बोला, त्यांनाही ते नाव ऐकायचं असेल. पण दिवसभर टीव्हीसमोर बसून ते दुःख जास्त खोल जातं. बाग नको तर सुरसागर तलावाला फेरी मारा, नाहीतर आईसोबत सोसायटीत चाला. साठीनंतरच्या माणसाने आठवड्याला 150 मिनिटं जरा वेगाने चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. सकाळच्या उजेडात चाललं तर रात्रीची झोपही वेळेवर लागते, कारण शरीराला दिवस कधी सुरू झाला ते डोळ्यांतून कळतं. सुरुवातीला दहा मिनिटं चाललात तरी मला आनंद आहे.

आणि कानाचं. हे मी जरा जोर लावून सांगणार. टीव्हीचा आवाज वाढलाय, लग्नात तुम्ही कोपऱ्यात बसता, फोन लगेच आईकडे देता, हे स्वभाव बदलल्यामुळे नाही, ऐकू कमी येतंय म्हणून आहे असं मला वाटतं. ज्याला नीट ऐकू येत नाही तो माणूस हळूहळू बोलण्यातूनच बाहेर पडतो, मग एकटा पडतो, आणि वयात स्मृती जाण्याच्या ज्या कारणांवर काही करता येतं त्यात कानाचं नाव डॉक्टर घेतातच. चष्मा लावायला तुम्ही कधी नाही म्हणालात का? मग कानाच्या मशीनला का?

दोघांनीही बी12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. आपण शाकाहारी, त्यात बाबा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात, त्यानेही बी12 कमी होतं. हे कमी असलं की थकवा येतो, उदास वाटतं, आणि आपण उगाच मनाला दोष देत बसतो.

आई, अजून एक. तू बाबांचं सगळं करतेस, पण मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाणं का सोडलंस? सयाजीरावांनी 1910 मध्ये सुरू केली तेव्हापासून लोकांसाठी उघडी आहे, आणि तू लग्न होऊन आलीस तेव्हा तिथूनच मराठी पुस्तकं आणायचीस. आठवड्यातून एक दुपार फक्त तुझी. बाबा दोन तास एकटे राहू शकतात, वाटीत चिवडा काढून ठेव, बाकी ते बघतील. सगळ्यांचं करून झाल्यावर उरलेला वेळ आपला, असं तू आयुष्यभर केलंस, तो वेळ कधी उरलाच नाही.

आणि हे सगळं करूनही दोन आठवडे सलग मन लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगून काय करायचं असा विचार एकदाही आला, तर मला लगेच सांगायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी फोन उचलला नाही तर 14416 लावा, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, टेलिमानस म्हणतात, सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलंय, चोवीस तास, फुकट, मराठीत बोला नाहीतर गुजरातीत. नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावून ठेवा. मनाच्या डॉक्टरकडे गेलं की लोक काय म्हणतील हा विचार करू नका. बाबा, तुमच्या गुडघ्यासाठी आपण तीन डॉक्टर केले, तेव्हा कोणाला विचारलं होतं?

मी गणपतीला येतेय, आरक्षण झालंय. कानाच्या डॉक्टरांची वेळ मी इथूनच घेऊन ठेवते, तिघं मिळून जाऊ. त्याआधी रक्ताचे रिपोर्ट आले की फोटो काढून पाठवा, आणि यापुढे रोजच्या फोनमध्ये बीपी सांगून झालं की आज मन कसं होतं तेही सांगायचं, बाबा तुम्हीसुद्धा, फोन आईकडे द्यायच्या आधी.

तुमची,
लेक